मतप्रतिपादन आणि मतपरिवर्तन

मराठी गद्य वयात आले ते वाद घालता घालता. लोकहितवादींची पत्रे १८४८ साली ‘प्रभाकर’ पत्रातून प्रसिद्ध होऊ लागली आणि १८९५ साली आगरकर निवर्तले. या सत्तेचाळीस वर्षांत विधवाविवाह, बालविवाह, जातिभेद आणि स्त्रीशिक्षण हे प्रश्न मराठी लेखकांनी ज्या हिरिरीने लढविले, तिच्यातूनच आपल्या भाषेला युक्तिवादाचे वाक्य मिळाले. पुढे लघुनिबंध आला. त्याच्या प्रसन्न गप्पागोष्टींनी वाचक मोहून गेला आणि टीकाकारांचेही लक्ष तिकडे वळले. वैचारिक निबंध इतिहासकारांच्या स्वाधीन झाला. आगरकर काय म्हणाले यावर आपल्याकडे ग्रंथ झाले. परंतु ते वाचकाला कसे वळवितात, कोठे वळवितात आणि कोठे त्यांना ते साधत नाही, या खास टीकेच्या प्रश्नाला आपण क्वचितच हात घातला.

हा प्रश्न आम्हां शिक्षकांच्या रोजच्या कामाशी जडलेला आहे. सामाजिक प्रश्नावर मत मांडणारा निबंध आपण विद्यार्थ्यांकडून दर वर्षी लिहवून घेतो. तो कसा असतो हे सर्वांना ठाऊक आहे. प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात, असे म्हणून त्याचा आरंभ होतो. मधल्या परिच्छेदांत फायदे आणि तोटे समसमान वाटले जातात. आणि अखेरीस तारतम्याने वागावे, असा निर्वाळा देऊन लेखक मोकळा होतो. विषयही अशा बेताने निवडलेले असतात की, कोणाच्या घरी त्यावरून वाद होऊ नये. विज्ञान हे शाप की वरदान, याचे उत्तर काहीही दिले तरी कोणाचे काही बिघडत नाही. त्यामुळे विद्यार्थी निबंध लिहितो, पण कोणाला काही पटवून देण्याचा प्रसंग त्याच्यावर शालेय आयुष्यात एकदाही येत नाही.

याच्या उलट टोकाला आपली सभा-संमेलनांतील व वृत्तपत्रांतील वादाची रीत आहे. तेथे आवेश भरपूर असतो, बाजू ठाम असते. परंतु ज्याचे मत आधीच तसे आहे त्यालाच ते लेखन आवडते. विरुद्ध पक्षाचा मनुष्य पहिल्या परिच्छेदातच दुखावून निघून जातो. शाळेतला निबंध कोणाचेच मत दुखवीत नाही आणि सभेतला निबंध कोणाचेच मत बदलीत नाही.

येथे दोन क्रिया वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. आपले मत सकारण मांडणे हे मतप्रतिपादन. ज्याचे मत आपल्याविरुद्ध आहे त्याला त्याच्या जागेवरून निदान एक पाऊल हलविणे हे मतपरिवर्तन. पहिल्याला लेखक एकटा पुरतो. दुसऱ्याला प्रतिपक्ष लागतो. आपल्या शास्त्रकारांनी हे फार पूर्वी जाणले होते. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि सिद्धान्त ही त्यांची मांडणी केवळ शिस्तीची नव्हती. पूर्वपक्ष दुबळा मांडला तर सिद्धान्तही दुबळा ठरतो, हे त्यामागील मर्म होते. सामाजिक वादावरील निबंधाची थोरवी विरोधकाचे म्हणणे लेखकाने किती पुरतेपणाने मांडले आणि मग त्याला काय उत्तर दिले यावरून ठरते, असे आमचे मत आहे. आणि ही कसोटी आमच्या सर्वांत आवडत्या निबंधकारांनाही लावून पाहिली पाहिजे.

यासाठी १८९०-९१ मधील संमतिवयाच्या वादाइतके चांगले उदाहरण मराठीत दुसरे नाही. त्याची हकीकत थोडक्यात अशी. १८९० साली कलकत्त्यास फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या समागमाने मृत्यू पावली. तत्कालीन दंडसंहितेत संमतीचे वय दहा वर्षे होते. ते तिने ओलांडले असल्यामुळे पतीवर बलात्काराचा आरोप टिकला नाही आणि एक वर्षाच्या सक्तमजुरीवर प्रकरण मिटले. हे वय बारा करण्याचे विधेयक सरकारने आणले आणि १८९१ च्या मार्चमध्ये तो कायदा झाला. महाराष्ट्रात या विधेयकावरून जे रण माजले त्यात एका बाजूस ‘केसरी’ तून टिळक होते. दुसऱ्या बाजूस ‘सुधारक’ मधून आगरकर, आणि त्यांच्याबरोबर भांडारकर, रानडे प्रभृती मंडळी होती.

आज मागे वळून पाहताना टिळकांची बाजू एका वाक्यात निकालात काढणे सोपे झाले आहे. तसे करणारा निबंध लोकप्रिय होईल. परंतु तो निबंध म्हणून कच्चा राहील. कारण टिळक बालविवाहाचे समर्थक होते, हे म्हणणेच खरे नाही. मुलीचे लग्न सोळाव्या वर्षाआधी व मुलाचे विसाव्या वर्षाआधी करू नये, चाळिशी उलटलेल्या पुरुषाने पुन्हा लग्न करू नये आणि केल्यास विधवेशी करावे, हुंडा घेऊ नये, विधवेचे केशवपन करू नये, अशी बंधने सुधारकांनी आधी स्वतःवर घालून घ्यावीत, असे त्यांनी १८९० मध्येच सुचविले होते. ही मर्यादा सरकारी विधेयकाच्या कितीतरी पुढची होती. त्यांचा आक्षेप दोन ठिकाणी होता. परक्या सरकारला आमच्या धर्मात व घरात हात घालू देणे हा राष्ट्राच्या स्वत्वाचा प्रश्न आहे, हा एक. आणि समाजाचे मन तयार झाल्याविना लादलेली सुधारणा टिकत नाही, हा दुसरा. असा पूर्वपक्ष समोर ठेवला म्हणजे सुधारकांचे काम किती अवघड होते ते कळते.

या पूर्वपक्षाला उत्तर देताना सुधारकांनी निरनिराळ्या भूमी निवडल्या, आणि निबंधकाराने अभ्यास करावा तो या निवडीचा. डॉ. भांडारकरांनी शास्त्राची भूमी घेतली. ऋतुप्राप्तीनंतर विवाह करण्यास धर्मशास्त्राची मनाई नाही, हे त्यांनी वचने देऊन दाखविले. या भूमीचा लाभ उघड आहे. विरोधक ज्याला प्रमाण मानतो त्याच प्रमाणाने आपण बोलतो, त्यामुळे त्याला निदान ऐकून घ्यावे लागते. तिची उणीवही तितकीच उघड आहे. एका वचनास दुसरे वचन काढून दाखविता येते; टिळकांनी तसे काढून दाखविलेही, आणि वाद मुलीच्या जिवाकडून वचनांच्या अर्थाकडे सरकला. तेथे फुलमणी नजरेआड झाली.

आगरकरांनी ही भूमी नाकारली. मिल्ल आणि स्पेन्सर यांच्या वाचनाने घडलेल्या त्यांच्या बुद्धीला शास्त्रवचन हा शेवटचा आधार मान्य नव्हता. आचार कोणत्या हेतूने सुरू झाला असावा हे विचारायचे आणि आजचा आचार त्या हेतूला धरून आहे काय हे तपासायचे, ही त्यांची नित्याची रीत. ‘सोवळ्याची मीमांसा’ हे त्यांच्या एका निबंधाचे नावच पाहा. मीमांसा हा शास्त्रीमंडळींचा शब्द. तो उचलून त्यांनी शास्त्रीमंडळींच्या घरातल्या आचाराला लावला. मथळ्यातच आपली बाजू उघड करण्याचे त्यांचे धैर्यही लक्षात घेण्यासारखे आहे. ‘स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत’ या मथळ्यातील एक ‘च’ काढून टाकला तर तो आजच्या शालेय निबंधाचा विषय होईल. तो ‘च’ आहे म्हणून तो आगरकरांचा निबंध आहे. आपले मत शेवटच्या परिच्छेदापर्यंत झाकून ठेवणाऱ्या लेखकाला ही प्रामाणिकपणाची शिकवण आहे. वाचकाला प्रथमच सांगावे की, आम्ही अमुक म्हणणार आहोत, आता आमची कारणे तपासून घ्या.

तरीही आमची कसोटी येथे लावल्यावाचून सोडता येत नाही. ‘शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार’ हा मथळा जितका चटकदार तितकाच तो घातक आहे. ज्याच्या घरी नुकतेच मरण झाले आहे आणि जो वडिलांचा अंत्यविधी परंपरेने करून आला आहे, तो या निबंधाचा खरा वाचक. तोच या मथळ्याने मूर्खांत जमा होतो. संस्कारात दुःखाला आधार देणारे काही असते, हा त्याचा पूर्वपक्ष. उपहासाच्या ओघात तो मांडला जाण्याआधीच वाहून जातो. आगरकरांच्या हयातीतच पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. हे कृत्य निंद्य होते यात शंका नाही, आणि त्याचा दोष आगरकरांच्या लेखणीवर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु ती लेखणी काही वाचकांना दूर लोटीत होती, हेही नाकारता येणार नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ च्या चौऱ्याऐंशी अंकांत हा दोष याहून ठळक आहे. लोकहितवादी व जोतीराव फुले यांवर त्यांनी केलेल्या टीकेत भाषेचा दिमाख अजून वाचनीय वाटतो. मात्र फुल्यांच्या व्याकरणाची थट्टा वाचून फुल्यांचा एकही अनुयायी मालेकडे वळला असेल, असे कोणी म्हणणार नाही. समाजातील एका मोठ्या वर्गाची वेदना हा तेथे पूर्वपक्ष होता, आणि त्याला उत्तर म्हणून शुद्धलेखन पुढे करण्यात आले.

तिसरी भूमी ताराबाई शिंदे यांची. त्यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध संमतिवयाच्या वादाच्या नऊ वर्षे आधीचा, १८८२ चा; परंतु वाद घालण्याच्या रीतीचा विचार त्यांना वगळून पुरा होत नाही. सुरतेची विजयालक्ष्मी नावाची तरुण विधवा, नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल तिला झालेली शिक्षा आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून सबंध स्त्रीजातीवर झालेली झोड, हे या निबंधाचे निमित्त. बुलढाण्याच्या या लेखिकेजवळ शास्त्रांची पदवी नव्हती आणि इंग्रजी ग्रंथांचे पाठबळही नव्हते. तिने काय केले? विरोधकांची यादीच हातात घेतली. स्त्रिया साहसी, स्त्रिया कपटी, स्त्रिया चंचल, असे जे जे दोष पुरुष लावतात ते एकेक करून समोर मांडले आणि प्रत्येक दोष पुरुषांत किती आहे याची तुलना केली. म्हणजे निबंधाचा सांगाडाच पूर्वपक्षावर उभा आहे. त्यात रागही आहे आणि उपहासही आहे. परंतु तो राग विरोधकाच्याच शब्दांना धरून चालतो, त्यांना टाळून पुढे जात नाही. घरातल्या बोलीत, पुरुषांना ‘तुम्ही’ म्हणून समोर बसवून, ती प्रश्न विचारीत जाते. त्या काळी हा निबंध कोणाला रुचला नाही. फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ च्या दुसऱ्या अंकात त्याची बाजू घेतली एवढेच. पुढे तो जवळजवळ विस्मृतीत गेला आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला. युक्तिवादाच्या रचनेचे मराठीतील उत्तम उदाहरण म्हणून तो आज आमच्या वर्गांत वाचला जावयास हवा.

आता पुन्हा संमतिवयाकडे. टिळकांच्या दोन आक्षेपांची खरी परीक्षा ग्रंथांत झाली नाही. ती काही अंशी आमच्या बडोद्यात झाली. १९०४ साली सयाजीराव महाराजांनी आपल्या राज्यात बालविवाहप्रतिबंधक कायदा केला आणि विवाहासाठी मुलीचे वय किमान बारा व मुलाचे सोळा ठरविले. ब्रिटिश हिंदुस्थानात शारदा कायदा १९२९ साली झाला. म्हणजे बडोदे पंचवीस वर्षे पुढे होते. येथे राजा परका नव्हता. तेव्हा परक्या सरकारने हात घालू नये, एवढाच ज्याचा आक्षेप होता त्याला बडोद्याच्या कायद्याविरुद्ध बोलण्याचे कारण उरले नाही. आणि जो तरीही विरोध करीत राहिला त्याचा मूळ आक्षेप दुसराच होता, हे उघड झाले. निबंधकाराने हे तंत्र शिकून घ्यावे. विरोधकाने दिलेले कारण काढून घेतले, तर त्याचे मत बदलेल काय, हे विचारून पाहावे. बदलत असेल तर ते खरे कारण. बदलत नसेल तर ते पांघरूण, आणि खरे कारण अजून शोधावयाचे आहे.

परंतु बडोद्याच्या अनुभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कायदा झाला तरी बालविवाह थांबले नाहीत. दंड भरून लग्ने उरकून घेणारे पुष्कळ निघाले. समाजाचे मन तयार झाल्यावाचून सुधारणा टिकत नाही, या टिळकांच्या दुसऱ्या आक्षेपात किती तथ्य होते ते येथे दिसले. मात्र त्यावरून कायदा नको, असे ठरत नाही. मने तयार होईपर्यंत दहा वर्षांच्या मुलीने थांबावे कसे, या प्रश्नाला त्या आक्षेपात उत्तर नाही. कायद्याने मुलीचे रक्षण करावे आणि निबंधाने बापाचे मन वळवावे, ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हावयास हवी होती. पहिले काम राजाचे होते. दुसरे लेखकाचे व शिक्षकाचे होते, आणि ते आजही संपलेले नाही. मुलींच्या विवाहाचे वय अठरावरून एकवीस करण्याचे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत आले, स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ साली सतरावी लोकसभा विसर्जित होताच ते बाद झाले. त्या वेळी दोन्ही बाजूंनी जे बोलले गेले त्यात कायदा आधी की शिक्षण आधी, हा १८९१ चाच वाद नव्या वेषात होता.

मग शाळेत काय करावे? एक ताजे उदाहरण घेऊ. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या अंत्यविधीच्या वेळी पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे प्रकार होऊ नयेत, असा तो ठराव. आणि इतर गावांनीही तसे करावे, असे परिपत्रक त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने काढले. हा विषय नववी-दहावीच्या वर्गात द्यावा काय? आमचे उत्तर होय असे आहे. प्रथा वाईट आहे, स्त्रीपुरुष समान आहेत, आपण एकविसाव्या शतकात आहोत, एवढेच लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने प्रतिपादन केले, परिवर्तन कोणाचेच केले नाही. त्याला विचारावे की, ज्या आजीने स्वतः होऊन कुंकू पुसले आणि ज्या आजीला त्यात आपल्या दुःखाचा मान वाटतो, तिचे म्हणणे तू लिहिलेस काय? दुःखाच्या घडीला गावाने ठराव घेऊन घरात यावे हे बरे नव्हे, असे जो काका म्हणतो, त्याचे म्हणणे लिहिलेस काय? हे लिहिल्यावरच त्याला खरे उत्तर सुचेल. ठराव त्या आजीला स्वतः काही करण्यास मनाई करीत नाही. दुसऱ्यांनी तिचा हात धरून बांगड्या फोडू नयेत, एवढेच तो म्हणतो. इतका नेमका भेद हाती आला म्हणजे आजीही ऐकून घेईल.

यातून आम्हां परीक्षकांवर एक अवघड कर्तव्य येते. एखाद्या विद्यार्थिनीने ठरावाच्या विरुद्ध लिहिले, ठरावाच्या बाजूची सर्व कारणे न्यायाने मांडली आणि त्यांना विचाराने उत्तर दिले, तर तिला, आपल्याला तिचे मत न पटूनही, वरची श्रेणी दिली पाहिजे. आणि आपल्या मताची री ओढणाऱ्या पोकळ निबंधाला खालची. गुरुजींना काय आवडते ते ओळखून लिहिणे ही सवय याच एका उपायाने मोडेल. या मोकळीकीलाही एक मर्यादा आहे. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने जी अस्पृश्यता नष्ट केली तिची बाजू मांडण्यास कोणा विद्यार्थ्याला सांगू नये. जिच्या पिढ्यांनी ते सोसले अशी मुले त्याच वर्गात बसलेली असतात, आणि त्यांचे माणूसपण हा वादाचा विषय होऊ शकत नाही. विधवा प्रथेसारखा विषय देतानाही वर्गात कोणाच्या घरी काय घडले आहे याचे भान शिक्षकाने ठेवलेच पाहिजे. विषय टाळणे आणि विषय जपून हाताळणे यांत फरक आहे. आपण जपण्याचे नाव सांगून टाळीत आलो, हे खेदाने म्हणावे लागते.

परिषदांच्या निबंधस्पर्धांनाही हेच लागू आहे. मराठी मुलखाबाहेर राहून मराठी टिकविणारी आपण मंडळी भाषेच्या गौरवावर निबंध मागवितो, आणि ते येतातही; परंतु भाषा जगते ती तिच्यातून महत्त्वाचे वाद घातले जातात म्हणून. घरात मराठी बोलणारा मुलगा लग्न, हुंडा, जात, वारसा यांविषयीचे वाद दुसऱ्या भाषेत घालू लागला, तर गौरवाच्या निबंधाने ती वाट बुजणार नाही. पुढील स्पर्धेसाठी एखादा असा विषय निवडावा की ज्यावर परीक्षकांचेच एकमत नसेल, आणि गुण देताना तीन गोष्टी पाहाव्यात: विरोधकाला आपले म्हणणे ओळखू येईल असा पूर्वपक्ष, एखाद्या खऱ्या घटनेचा वा आचाराचा नेमका उल्लेख, आणि वाचकाने काय करावे याविषयीची स्पष्ट मागणी. एवढे झाले तरी आगरकर आणि ताराबाई यांचे काम पुढे नेणारा एखादा लेखक आपल्या वर्गांतून निघेल, अशी आशा करण्यास जागा आहे.